माजघराचा कत्थी रंग

गडद तपकिरी रंगाला लोक उगाच भितात. खोली लहान दिसेल, घरात अंधार होईल, पाहुण्यांना उदास वाटेल, असं घरं रंगवण्याच्या कामात मी गोंदियातल्या कितीतरी दिवाणखान्यांत ऐकलं आहे. मी सगळं ऐकून घेते आणि मग एकच विचारते, या खोलीत दिवसाचा जास्त वेळ कोण बसतं? नव्या सुनेला मोबाइलमधला फोटो दाखवायचा असतो, तिच्या सासूला दुसराच दाखवायचा असतो, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्याला कोणीच काही विचारलेलं नसतं. मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसते. रंग तिथून ठरतो. हे मी कुठल्या शाळेत शिकले नाही. सौंदडजवळच्या आमच्या गावात, अठरा वर्षांची असताना, आमच्याच माजघराच्या भिंतींवर शिकले. पहिला प्रयत्न साफ फसला, तेही सांगते.

तपकिरी हा पुस्तकातला शब्द. आमच्याकडे त्या रंगाला कत्थी म्हणतात, पानाच्या काताचा रंग. तो तेव्हा आमच्या घरात कुठेच नव्हता. आमचं घर पांढरं होतं, आणि ते पांढरं माझ्या मायच्या हातचं होतं. नाल्याच्या काठच्या खाणीतून ती छुई आणायची, म्हणजे पांढरी माती. माठात भिजवायची, कापडातून गाळायची, त्यात निळीचा एक थेंब टाकायची, आणि फडक्यानं भिंतीवर चढवायची. तिचा हात अर्धगोल फिरायचा आणि बांगड्यांचा आवाज एका लयीत यायचा, त्यामुळे माय आता कुठल्या भिंतीशी आहे हे मला डोळे मिटूनही कळायचं. दिवाळीला एकदा, होळीच्या आधी एकदा, आणि मध्ये कुठे डाग दिसला की पुन्हा. गावात कोणाकडे लग्न निघालं की भिंतींसाठी मायला बोलावणं यायचं. ती फार बोलणारी बाई नव्हती. तिला जे काही सांगायचं असेल ते ती भिंतीवर सांगायची, असं मला आता वाटतं.

बाबूजी उलट. त्यांना बोलायला माणसं लागायची. धानाची शेती होती, दोन बैलजोड्या होत्या, आणि आमचे पूर्वज माळव्यातून आले हे सांगताना त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची. सकाळी तांदळाची पेज आणि जवसाची चटणी खाऊन ते बाहेर पडायचे आणि सगळ्यांच्या पुढे चालायचे. बाजारात, लग्नात, बांधावर, कुठेही. मागे राहिलेल्यांनी धावत गाठायचं. स्टेशनात गाडीची शिटी झाली की घरातला प्रत्येक जण काहीतरी आठवून उठायचा, आणि बाबूजी मात्र म्हणायचे, "गाडी थांबते. मी नाई थांबत."

मग ते अडखळू लागले. आधी आम्हाला कळलंच नाही, कारण दोष ते दुसऱ्यावर टाकायचे. दार कोणी ढकललं, पाट मधात कोणी ठेवला, ही बादली इथं काऊन आहे. एका सकाळी ते सपरीतून, म्हणजे पुढच्या ओसरीतून, माजघरात आले आणि अर्ध्या उघड्या दाराच्या फळीवर सरळ कपाळ आपटून घेतलं. भुवई फाटली. मोठा भाऊ त्यांना आगगाडीनं गोंदियाला घेऊन गेला, मीही गेले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेली ती नजर परत येणार नाही, उरली आहे ती रोज थेंब टाकून राखता येईल. बाबूजींना समोरचं तेवढं दिसत होतं, बांबूच्या नळीतून पाहावं तसं, आणि तेही धूसर. परतीच्या गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. सौंदड आल्यावर उठता उठता म्हणाले, "घरची गोष्ट घरात राहिली पाहिजे." आम्ही दोघांनी मान हलवली. ती त्यांना दिसली की नाही कोण जाणे.

त्यानंतर ते सपरीतल्या खाटेवर बसून राहू लागले. गावातलं कोणी आलं तर आवाजावरून ओळखायचे आणि पाहिल्यासारखं बोलायचे. जेवायला हाक मारली की म्हणायचे, भूक नाही. मायला वाटलं मन खचलं. मला दोन-तीन दिवसांनी कळलं की भूक होती. सपरीतून सैपाकघरात जायचं तर मधलं माजघर ओलांडावं लागायचं, आणि ते त्यांना नको होतं. भाऊनं आपल्या परीनं उपाय काढला. भिंतीच्या कडेनं कासरा बांधू, तो धरून चाला, म्हणाला. बाबूजींचा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला असेल. "मी का बैल आहो?"

आता जे सांगते ते मी पाहिलं, आणि ते पाहिलं नसतं तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. माजघरात चाचपडणारा हा माणूस सैपाकघरात पोचला की पूर्वीसारखा चालायचा. तिथं माय छुई लावत नव्हती, चुलीच्या धुरापुढे तिनं हात टेकले होते. भिंती वरपासून खालपर्यंत काळपट कत्थी झालेल्या. त्या भिंतीला टांगलेला पितळी गडवा, म्हणजे तांब्या, बाबूजी पहिल्याच हाताला उचलायचे. लाखोरीच्या डाळीचे वडे असलेली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी त्यांना बरोबर सापडायची. माजघरात मात्र पांढऱ्या भिंतीला पांढरं दार, पांढऱ्या कोनाड्यात पांढरा कप, आणि पूर्वेच्या खिडकीतून येणारं ऊन त्यावर. सगळं एकात एक विरघळलेलं. मी वहीचा कागद गुंडाळून डोळ्याला लावला आणि माजघरात चालून पाहिलं. चार पावलांवर धान्याच्या कोठीला धडकले.

दिवाळीच्या साडीसाठी मामांनी दिलेले पैसे माझ्याकडे होते. त्यातून तालुक्याच्या बाजारातून मी तेलरंगाचा डबा आणला, गडद कत्थी, आणि ब्रश. कोणाला सांगितलं नाही. महाशिवरात्रीला माय आणि भाऊ आमच्या भागातल्या प्रतापगडच्या यात्रेला गेले, दोन दिवसांसाठी. बाबूजी गर्दीला नको म्हणाले आणि मी त्यांच्यासाठी मागे राहिले. बैलगाडी वळणाआड गेली आणि मी डबा उघडला. तेव्हा मला वाटत होतं, रंग म्हणजे फक्त लावायचा. कोनाड्याची भिंत दुपारपर्यंत झाली. सपरीतून हाक आली.

"शकू, कायचा वास येऊन राहिला?"

"रंगाचा, बाबूजी."

"कोनता रंग?"

"कत्थी. माजघरले लावून राहिली."

"कायले?"

भाऊच्या लग्नाचं बघणं सुरू होतं, त्यासाठी म्हणून सांगता आलं असतं. मी ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "पांढऱ्यावर पांढरं तुमाले दिसत नाई म्हनून. सैपाकघरात तुमी बराबर चालता. तिथली भिंत कारी आहे."

"तुले कोनं सांगितलं?"

"कोनी नाई. मी पायलं."

त्यांनी भुवईवरच्या खुणेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मंग गावाले काय सांगशील? धडधाकट घर कारं कायले केलं?"

"सांगीन, मले आवडते."

"तुह्या आवडीवर घर चालत नाई," ते म्हणाले, पण उठले. हात पुढे न धरता माजघरात आले. कोनाड्याचा तळ मी पांढराच ठेवला होता आणि त्यावर, मागच्या गडद भिंतीपुढे उठून दिसेल असा, त्यांचा पांढरा चहाचा कप ठेवला होता. त्यांनी तो उचलला. परत ठेवला. मान वळवून खिडकीकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे वळले आणि पुन्हा उचलला. "वास लय येते," एवढं बोलून ते खाटेवर जाऊन बसले. संध्याकाळी पेज प्यायला ते न बोलावता आत आले.

मी त्या रात्री राणीसारखी झोपले असेन. सकाळी भिंतीला फोड आले होते. दुपारी ते फुटले आणि पापुद्रे सुटू लागले, पळसाच्या पानाएवढे. यात्रेहून माय आली, प्रसादाचा पुडा हातातच होता, आणि ती माजघराच्या उंबऱ्यावर थांबली. भिंत सोललेल्या जनावरासारखी दिसत होती. तिनं एक पापुद्रा ओढून हातात घेतला आणि उलटा केला. मागे तिची छुई चिकटून आली होती, थरावर थर. "हे माह्या हातचं आहे," ती म्हणाली आणि आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाऊ बोलला, भरपूर बोलला, कारण होळीनंतर नवेगाव बांधचे मुलीकडचे लोक घर पाहायला येणार होते. बाबूजी ना त्यांच्या, ना माझ्या बाजूनं काही बोलले. मला त्यांचा राग आला होता, हेही लिहून ठेवते.

चुकलं ते नेमकं काय, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. गोंदियात मामांच्या गल्लीत करीमचाचा म्हणून पेंटर होते. दुकानांच्या पाट्या लिहायचे आणि घरंही रंगवायचे. त्यांच्यापुढे मी तो पापुद्रा ठेवला. त्यांनी तो बोटांत चुरला आणि मला वाटलं होतं तसे हसले नाहीत.

"दीवार मिट्टी की है ना, बेटी?"

"हो."

"मिट्टी की दीवार साँस लेती है। तुमने उसके मुँह पे रबर बाँध दिया। ऑइल पेंट लकड़ी पे, लोहे पे। मिट्टी पे मिट्टी ही लगेगी।"

मग त्यांनी सांगितलं आणि मी वहीत उतरवलं. जुनी छुई खरवडून काढायची, अगदी मातीपर्यंत. गेरू भिजवायचा, त्यात काजळी घोटायची, आणि धरून ठेवायला चिंचोक्याची खळ. एकदम जाड लावायचं नाही, पातळ हात तीन वेळा, प्रत्येक हात वाळल्यावर. वरची हातभर भिंत पांढरी सोडायची, कारण हा रंग उजेड पितो आणि त्याला वरून थोडा उजेड पाजत राहावं लागतं. आज माझ्याकडची मुलं संगणकावर छटा निवडतात आणि यंत्र डबा घुसळून देतं, पण छताखालची ती पांढरी पट्टी मी अजूनही सोडायला लावते.

गावी परत आले तेव्हा एक गोष्ट बाकी होती आणि तीच अवघड होती. मायला विचारल्याशिवाय तिची उरलेली भिंत मी खरवडू शकत नव्हते. ती चुलीपुढे बसली होती. मी म्हटलं, आज बाबूजी जेवायला आले की फक्त त्यांचे हात बघ. तिनं पाहिलं. त्यांनी गडवा उचलला, थाळी ओढली, चटणीची वाटी शोधली नाही, घेतली. जेवण झाल्यावर ते उठले आणि माजघरात शिरताच दोन्ही हात पुढे आले. मायनं तेही पाहिलं. बाबूजी बाहेर गेले तेव्हा तिनं मला चार दिवसांनी पहिल्यांदा हाक मारली.

"शकू, माह्या पांढऱ्यानं त्यायले दिसत नव्हतं?"

मला खोटं बोलता आलं नाही. खरंही बोलवलं नाही. मी फक्त मान हलवली. मायनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पदर खोचला, वाडीतून, म्हणजे परसातून, खुरपं आणलं आणि माजघराची खिडकीजवळची भिंत खरवडायला बसली. वीस-बावीस वर्षांचे थर होते ते. मी दुसरं खुरपं घेतलं. सगळा दिवस आम्ही दोघी खरवडत राहिलो. पांढऱ्या धुळीनं तिचे केस म्हातारीसारखे झाले होते, आणि खुरप्याच्या आवाजात बांगड्यांचा आवाज मिसळत होता, फक्त लय वेगळी होती.

काजळी आम्ही सैपाकघराच्या छपरावरच्या कवेलूंखालून झाडली. खळ मायनं शिजवली, कारण ती किती घट्ट हवी हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तिसरा हात वाळला तेव्हा भिंती ओल्या नांगरटीसारख्या दिसत होत्या, मऊ आणि खोल, कुठे चमक नाही. मी म्हटलं, झालं. माय म्हणाली, नाही झालं. तिनं छुईचा माठ काढला आणि प्रत्येक दाराभोवती, खिडकीभोवती, कोनाड्याभोवती वीतभर रुंद पांढरी चौकट ओढली. उंबऱ्यांवरही पांढरा पट्टा दिला. घर इतकं देखणं झालं की भाऊ बैलांचा चारा खांद्यावर तसाच घेऊन दारात उभा राहिला. बाबूजी आले, सपरीतून माजघर, माजघरातून सैपाकघर, मागच्या दारानं वाडीत, आणि फिरून परत. एकदाही हात पुढे आला नाही. मायला म्हणाले, "दार दिसते."

होळीनंतर नवेगाव बांधचे लोक आले. मुलीचे वडील, तिचे काका, आणि आत्या. सपरीतून आत येताना काका उंबऱ्याशीच थबकले. आमच्या भागात तेव्हा लग्नाच्या घरात गुलाबी नाहीतर पिस्ता रंग असायचा. ते म्हणाले, "घरात असा रंग? काही दुःख झालं का?"

भाऊनं उत्तर तयार ठेवलं होतं. शहरात आता हीच फॅशन आहे, असं तो म्हणणार होता, आम्हाला त्यानं तेच सांगायला बजावलंही होतं. त्याच्या आधी बाबूजी बोलले.

"दुःख नाई. मले दिसत नाई. डोऱ्यात काचबिंदू आहे. पोरीनं माह्यासाठी घर रंगवलं. तुमी बसा, पानी मी आनतो."

ते आत गेले. आम्ही चौघंही, म्हणजे माय, भाऊ, मी आणि दारात उभी असलेली आत्या, त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. ते तांब्या आणि पेले घेऊन आले, पांढऱ्या चौकटीतून बरोबर मधोमध, आणि पाहुण्यांसमोर ठेवून स्वतः बसले. मग पावसापाण्याच्या, धानाच्या, माळव्याच्या गोष्टी सुरू झाल्या. बऱ्याच महिन्यांनी त्यांचा तो पूर्वीचा आवाज मी ऐकत होते.

सोयरीक जमली नाही. आठ दिवसांनी निरोप आला, डोळ्यांचा आजार घराण्यात असेल तर पुढच्या लेकरांचं काय. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनीही आम्हा दोघांना डोळे दरवर्षी तपासायला सांगितलं होतं आणि आम्ही अजूनही तपासतो. पण भाऊला ते लागलं. तो म्हणाला, "तुह्या रंगानं माह्यं लगन मोडलं." बाबूजी म्हणाले, "रंगानं नाई, मी मोडलं. लपवून पोरगी आनली असती तर मंग काय केलं असतं?" भाऊ तरीही माझ्याशी धड बोलायला पुढच्या वर्षापर्यंत थांबला. त्या वर्षी त्याचं लग्न झालं, सगळं आधी सांगून. वहिनीनं त्या माजघरात तीन मुलं वाढवली. पण ते मोडलेलं लग्न माझ्या खात्यावर आहे असं त्याला मनातून वाटत आलं असावं. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

बाबूजी मात्र सुटले. एकदा तोंडातून निघालं, मग लपवायला काही उरलं नाही. ते रस्त्यानं जाताना मोठ्यानं विचारू लागले, "कोन आहे? मले दिसत नाई, नाव सांगा." लोक नाव सांगायचे, बांधापर्यंत सोबत चालायचे, आणि बाबूजी अर्धं पाऊल पुढेच असायचे.

चैत्रात नवेगावची ती आत्या एकटीच आली. आम्हाला वाटलं काही बोलणं राहिलं असेल. तिनं पाणी प्यायलं, भिंतीवर तळहात फिरवून पाहिला, आणि मायला म्हणाली, "लगनाचं जमलं नाई, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पर माही सासू रोज भिताडाले धडकते. हा रंग कसा केला, सांगता का?"

माय माझ्याकडे पाहू लागली. मी काही म्हणायच्या आत बाबूजी खाटेवरून बोलले, "शकू येईल. तिच्या संगं मी येतो."

"तुमी कायले?" मी विचारलं.

"तुले दिसते," ते म्हणाले. "तुले काय समजनार कुठं दिसत नाई?"

दोन दिवसांनी आम्ही बसनं नवेगावला गेलो. आत्याचं घर तलावाकाठचं होतं, दारात जाळी वाळत घातली होती आणि आत माशांचा आणि ओल्या मातीचा वास. तिची म्हातारी सासू आतल्या खोलीत पलंगावर बसली होती, दोन्ही गुडघ्यांवर निळे डाग. बाबूजींनी तिला रामराम केला आणि विचारलं, माय, सकाळी दिसते की दुपारी? ती म्हणाली, दुपारी काहीच नाही. ते खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि सावकाश गोल फिरले. एका भिंतीकडे तोंड करून थांबले. पुढे गेले, मागे आले, मान कलती केली. मी गेरूची परात हातात धरून वाट पाहत होते. मग त्यांनी काठी उचलून भिंतीच्या एका जागेवर टेकवली, दाराच्या उजव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर.

"इथून सुरू कर," ते म्हणाले. "इथं मले दार दिसत नाई."